दोंरेमी-ला-प्युसेल: एका फ्रेंच खेड्याच्या नावाची गोष्ट

म्यूझकाठ (धागाकर्ती)

फ्रान्सच्या ईशान्येला, वोज जिल्ह्यात, म्यूझ नदीच्या काठावर दोंरेमी-ला-प्युसेल नावाचं खेडं आहे. वस्ती शंभराच्या आसपास. गावातून जाणारा एक रस्ता, एक ओढा, जुनं चर्च, नदीवर पूल, दोन्ही बाजूंना गायरानं आणि वर टेकडीवर रान. दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटरवर नफशातो, उत्तरेला वीसेक किलोमीटरवर वोकुलर. १४१२ च्या सुमारास या गावातल्या झाक दार्क नावाच्या शेतकऱ्याच्या घरी जी मुलगी जन्मली, तिला आपण जोन ऑफ आर्क म्हणतो. तिच्या लढायांबद्दल आणि मरणाबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते गावाच्या नावाबद्दल, कारण गेली काही वर्षं मी याच भागात राहते आणि येणारे बहुतेक पाहुणे नावाचा मागचा अर्धा भाग वाचतात, पुढचा सोडून देतात.

पुढचा भाग आधी घेऊ. दोंरेमी म्हणजे मुळात लॅटिनमधलं 'दोम्नुस रेमिगियुस'. दोम्नुस हे दोमिनुसचं, म्हणजे 'स्वामी' या शब्दाचं बोलीतलं रूप. सहाव्या ते आठव्या शतकात, मेरोव्हिंजियन राजांच्या काळात, संताच्या नावाआधी 'सांक्तुस' लावायची रीत अजून सगळीकडे बसलेली नव्हती. लोक दोम्नुस लावायचे. पुढे 'सँ' रूढ झालं आणि फ्रान्सच्या नकाशावर जागोजागी सँ-मार्तँ, सँ-पिएर अशी गावं उमटली. ज्यांची नावं त्याआधीच पडली होती ती मात्र तशीच राहिली आणि बोलण्यात झिजत गेली. मार्तँचं दोंमार्तँ झालं, पिएरचं दोंपिएर किंवा दांपिएर, मेरीमातेचं दानमारी. तूलच्या एका जुन्या बिशपचं नाव एव्र, त्याचं दोमेव्र झालं. बाल नावाच्या संताचं दोंबाल. लॉरेन आणि शांपान्य या दोन प्रांतांत अशी गावं मुबलक आहेत. नावाच्या तोंडाशी दों, दां किंवा दान आलं आणि पुढे संताचं नाव असलं, की तिथलं चर्च फार जुनं आहे असं धरून चालायला हरकत नसते.

इथला संत रेमी. हा रँस शहराचा बिशप. ऐन तरुणपणी बिशप झाला आणि ५३३ च्या सुमारास वारला, म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ त्या गादीवर होता. पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याला त्यानेच बाप्तिस्मा दिला. नवव्या शतकात या प्रसंगाला एक कथा येऊन चिकटली: गर्दीमुळे पवित्र तेल वेळेवर पोचेना, तेव्हा आकाशातून एक कबुतर तेलाची कुपी चोचीत धरून उतरलं. ती कुपी रँसच्या सँ-रेमी मठात जपून ठेवली होती आणि फ्रान्सच्या राजांचा अभिषेक त्यातल्याच तेलाने होत असे. क्रांतीच्या काळात, ऑक्टोबर १७९३ मध्ये, ती भर चौकात फोडण्यात आली.

दोंरेमीचं चर्च अजूनही याच रेमीच्या नावाने आहे. एकोणिसाव्या शतकात त्याची दिशाच उलटी केली, त्यामुळे आज आपण ज्या बाजूने आत शिरतो तिथे पूर्वी वेदी होती. आत एक जुनं दगडी बाप्तिस्मापात्र आहे. जानचा बाप्तिस्मा यातच झाला असं परंपरा सांगते. (फ्रेंचमध्ये तिचं नाव जान, म्हणून पुढे तेच वापरते.)

माझं म्हणणं असं की या मुलीचा हट्ट समजून घ्यायचा तर नावाचा हा पुढचा भाग हाताशी हवा. मे १४२९ मध्ये इंग्रजांनी ओर्लेआँ शहराला घातलेला वेढा तिच्या मदतीने उठला. त्यानंतर पॅरिसकडे जावं की नॉर्मंडीकडे, यावर सेनापतींची खल सुरू होती. तिचं एकच पालुपद: रँसला चला. फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या शार्लला ती राजा म्हणतच नव्हती, 'दोफँ' म्हणजे युवराज म्हणायची, आणि रँसला अभिषेक झाल्याशिवाय राजा म्हणणार नाही असं तिने सांगितल्याची साक्ष आहे. १७ जुलै १४२९ ला तो अभिषेक झाला, रेमीच्या कुपीतल्या तेलाने. जी मुलगी रेमीच्या गावात, रेमीच्या चर्चच्या भिंतीला जवळजवळ लागून असलेल्या घरात वाढली, तिला राजा कशाने राजा होतो हे कुणा सरदाराने शिकवायची गरज नव्हती.

आता मागचा भाग, ला प्युसेल. प्युसेल म्हणजे कुमारिका, लग्न न झालेली मुलगी. हे बिरुद तिने स्वतः घेतलेलं होतं. २२ मार्च १४२९ ला इंग्रजांना पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रात ती स्वतःचा उल्लेख 'ला प्युसेल' असाच करते. गावाच्या नावाला ते जोडलं गेलं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजांच्या ताब्यातल्या रूआँमध्ये धर्मद्रोहाचा खटला चालवून तिला जाळल्याला शतक उलटून बराच काळ गेल्यावर.

त्याआधीच गावाला तिच्याकडून वेगळं काही मिळालं होतं. अभिषेकासाठी तिचे वडील रँसला आले होते. 'पट्ट्यापट्ट्यांचं गाढव' अशा नावाच्या खानावळीत उतरले आणि त्यांचं बिल शहराने भरलं. त्यानंतर ३१ जुलैला शातो-तिएरीहून राजाचं फर्मान निघालं: 'आमच्या प्रिय जान ला प्युसेलच्या विनंतीवरून' ग्रो आणि दोंरेमी या दोन गावांना कर माफ. वसुलीच्या वहीत या गावांच्या पुढे रकमेऐवजी शेरा असायचा: काही नाही, प्युसेलमुळे. सोळाव्या शतकात दोंरेमी लॉरेनच्या ड्यूककडे गेलं आणि त्याची माफी संपली. शेजारचं ग्रो फ्रान्सच्या राजाकडेच राहिलं आणि पुढे अठराव्या शतकापर्यंत माफी उपभोगत राहिलं. म्हणजे ज्या काळात गावाला तिचं नाव मिळालं, साधारण त्याच काळात तिने मिळवून दिलेली सवलत गेली. मला हे फार लागतं.

कुणाला या भागातल्या इतर गावांची नावं ठाऊक असतील तर जरूर लिहा.

---

शब्दवेडी

ताई, सुरेख धागा. उच्चार नेमका कसा करायचा? आणि ग्रो आणि दोंरेमी यांना एकाच फर्मानात माफी का?

---

म्यूझकाठ

धन्यवाद शब्दवेडी. पहिल्या अक्षरात म वेगळा म्हणायचा नाही, 'दों' नाकातून. र फ्रेंच पद्धतीचा, घशातला. गावातले लोक मधला 'रे' इतका तोकडा करतात की पहिल्यांदा ऐकताना 'दोंर्मी' वाटतं. खटल्याच्या लॅटिन कागदांत 'दोंप्रेमी' असं लिहिलंय, मध्ये एक प घुसलेला. अनुनासिकावरून र कडे जाताना ओठ मिटले की तो आपोआप येतो.

ग्रोचं कारण तिच्याच तोंडून मिळतं. २१ फेब्रुवारी १४३१ ला रूआँमध्ये पहिल्या जाहीर चौकशीत जन्मगाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, दोंरेमी, जे ग्रोशी एकच आहे, आणि मुख्य चर्च ग्रोला आहे. दोन्ही वस्त्या जवळजवळ चिकटून, दोन्हींचा पॅरिश, म्हणजे चर्चची हद्द, एक.

---

जुनी बखर

लेख आवडला. एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे, ते मांडतो.

रँसच्या अभिषेकाचं महत्त्व पंधराव्या शतकात साऱ्या राज्यात घरोघरी माहीत होतं. राजा रँसला जातो, पवित्र तेल लागतं, मग त्याच्या हाताने गंडमाळा बऱ्या होतात, ही श्रद्धा दक्षिणेतल्या शेतकऱ्याचीही होती. त्यासाठी रेमीच्या गावात जन्म घ्यावा लागत नव्हता. दुसरं म्हणजे तिने स्वतः जे संत सांगितले त्यांत रेमी कुठेच नाही. तिला दिसायचे ते सेंट मायकेल, सेंट कॅथरीन आणि सेंट मार्गारेट. रेमीने तिच्या मनात इतकी जागा घेतली असती तर महिनोन् महिने चाललेल्या चौकशीत त्याचं नाव एकदा तरी आलं असतं.

रँसचा आग्रह मला राजकीय शहाणपणाचाही वाटतो. १४२० च्या त्रुआ तहाने शार्लचा वारसाहक्क काढून घेतला होता आणि फ्रान्सची गादी इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री आणि त्याच्या वारसांना दिली होती. १४२२ पासून तो हक्क त्याच्या बाल मुलाकडे, सहाव्या हेन्रीकडे आला होता. दोघांपैकी ज्याला आधी तेल लागेल त्याचं पारडं जड होणार होतं. इंग्रजांनी १४३१ च्या डिसेंबरमध्ये आपल्या राजाला अभिषेक केला तोही पॅरिसला, कारण रँस हातातून गेलं होतं. त्याचं वजन पडलं नाही.

---

म्यूझकाठ

काका, त्रुआचा मुद्दा मान्यच आहे आणि धाग्यात तो यायला हवा होता, तुम्ही आणलात ते बरं झालं. पण संतांच्या यादीवरून रेमीला बाद करणं मला पटत नाही. तिला कोण दिसायचं हा एक प्रश्न. ती कुठल्या चर्चच्या घंटेवर उठायची-बसायची हा दुसरा. गावच्या चर्चमध्ये रेमीचा सण दरवर्षी १ ऑक्टोबरला होत असणार, त्या दिवशी प्रवचनात क्लोव्हिसची आणि कुपीची कथा येणारच. सारं राज्य ही कथा ऐकून होतं हे खरं, पण दोंरेमीत ती गावच्या संताची कथा होती. मी एवढंच म्हणतेय.

---

जुनी बखर

एवढंच म्हणत असाल तर माझा विरोध नाही. तरी पुराव्याने सिद्ध झालं असं कुणी समजू नये.

---

मधुमालती

घंटेवरून आठवलं. १४५६ मध्ये तिच्या शिक्षेचा फेरविचार झाला तेव्हा दोंरेमीत गावकऱ्यांच्या साक्षी घेतल्या होत्या. त्यात पेरँ द्रापिए म्हणून चर्चची घंटा वाजवणारा माणूस आहे. तो सांगतो की संध्याकाळची घंटा वाजवायला मी विसरलो की जान मला येऊन रागवायची, वेळेवर वाजवत जा म्हणायची आणि त्याबद्दल काहीतरी देण्याचं कबूल करायची. ते 'काहीतरी' म्हणजे काय यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, कारण हस्तलिखितातला एक स्वर नीट लागत नाही. एका वाचनाने लोकर, दुसऱ्या वाचनाने चंद्राच्या आकाराच्या टिकल्या, म्हणजे एक प्रकारचे गोड पदार्थ. घरी मेंढ्या होत्या आणि ती सूतही कातायची, त्यामुळे मला लोकर जास्त पटते.

राजे, सेनापती, बिशप यांच्या हजार पानांपेक्षा ही एक साक्ष मला जवळची वाटते. साक्ष देताना तो साठीचा होता. पंचवीस वर्षांहून जास्त काळ गेला होता आणि त्याला तिचं रागावणं आठवत होतं.

---

रानवाटा

गावाच्या नावाइतकीच तिथल्या रानाच्या नावाची गोष्ट भारी आहे, ती इथे जोडतो.

दोंरेमीच्या वरच्या टेकडीवरच्या रानाला 'ब्वा शेनू' म्हणतात. जानने खटल्यात सांगितलं की ते रान वडिलांच्या दारातून दिसतं आणि अर्ध्या कोसाच्याही आत आहे. आता शेनू म्हणजे काय? जुन्या लिखाणात तो शब्द 'शेस्नू' असा येतो आणि शेन म्हणजे ओक, म्हणून ओकांचं रान. पण फ्रेंचमध्ये शेनू असा दुसराही शब्द आहे, पिकल्या केसांचा, वृद्ध. तो लॅटिन 'कानुतुस'वरून आलाय. आणि त्या काळी मर्लिन जादूगाराच्या नावावर जी भाकितं फिरत होती त्यांत 'नेमुस कानुतुम' म्हणजे पिकल्या केसांच्या रानातून एक कुमारी येईल आणि दुखणं बरं करील असं एक वाक्य होतं. मूळ वाक्याचा फ्रान्सशी काही संबंध नव्हता. पण रानाचं नाव जुळलं आणि लोकांनी ते दोंरेमीला लावून टाकलं.

जान राजाकडे पोचली तेव्हा काहींनी तिला खरोखरच विचारलं, तुमच्याकडे ब्वा शेनू नावाचं रान आहे का? हे तिनेच २४ फेब्रुवारी १४३१ ला न्यायाधीशांना सांगितलं, आणि लगेच म्हणाली की त्यावर माझा विश्वास नव्हता. परींच्या झाडाबद्दलही तेच. गावाजवळ एक मोठा बीच वृक्ष होता, त्याला बायांचं झाड किंवा परींचं झाड म्हणायचे. मुली तिथे हार बांधायच्या, गाणी म्हणायच्या, जवळच्या झऱ्याचं पाणी आजारी माणसं प्यायची. न्यायाधीशांना यात चेटूक शोधायचं होतं. तिने सरळ सांगितलं: इतर मुलींबरोबर मीही जायचे, हार करायचे, म्हाताऱ्या बायका सांगायच्या की परी येतात, मी कधी पाहिली नाही.

आज त्याच टेकडीवर ब्वा शेनूची बॅसिलिका आहे. १८८१ ला काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला १९२६ उजाडलं. मधल्या काळात, १९२० मध्ये, जानला संतपद मिळालं.

---

अनिकेत_लियों

रानवाटा, मस्त माहिती.

मला एक विचारायचंय. त्याच वोज जिल्ह्यात रमिरमों नावाचं गाव आहे. तेही रेमीचंच का? नाव तर तसंच दिसतंय.

---

म्यूझकाठ

नाही, इथे कान फसवतात. रमिरमों हा 'रोमारिसी मोन्स', म्हणजे रोमारिकचा डोंगर. रोमारिक हा सातव्या शतकातला सरदार, त्याने तिथे मठ काढला. रेमीशी काही नातं नाही.

रमिरमोंचं अजून एक आहे. १७९३ मध्ये धर्म आणि राजेशाहीची आठवण देणारी नावं बदलायचा सपाटा सुरू झाला तेव्हा रमिरमोंचं 'लिब्रमों' म्हणजे स्वातंत्र्याचा डोंगर करून टाकलं. त्याच जिल्ह्यातलं सँ-दिए 'ओर्मों' झालं. पॅरिसजवळचं सँ-दनी 'फ्रांसियाद' झालं. जानने सप्टेंबर १४२९ मध्ये आपलं चिलखत ज्या चर्चमध्ये अर्पण केलं ते हेच सँ-दनी. आणि जिथून करमाफीचं फर्मान निघालं त्या शातो-तिएरीचं 'एगालिते-स्यूर-मार्न', समतेचं गाव. थोड्याच वर्षांत बहुतेक सगळी जुन्या नावांवर परत आली. सरकारी कागद बदलले तरी बाजाराला निघालेला माणूस जुनंच नाव घेत होता.

---

अनिकेत_लियों

धन्यवाद! मग एका माणसामुळे प्रसिद्ध झालेलं दुसरं खेडं मी सांगतो, दोंरेमीहून फार लांब नाही. ओत-मार्न जिल्ह्यातलं कोलोंबे-ले-द-झेग्लीझ. शार्ल द गोलने १९३४ मध्ये तिथे 'ला ब्वासरी' नावाचं घर घेतलं, आणि १९७० मध्ये त्याच घरी वारल्यावर गावच्याच दफनभूमीत त्याला पुरलं. कोलोंबे हे लॅटिन 'कोलुंबारियुम'वरून, म्हणजे कबुतरखाना. ले-द-झेग्लीझ म्हणजे दोन चर्चांचं, कारण गावाच्या चर्चशिवाय तिथे क्लूनीच्या साधूंचा मठही होता. इतका मोठा माणूस तिथे राहिला, पण गावाने नावात त्याला घेतलेलं नाही. टेकडीवर लॉरेनचा भव्य क्रूस उभारला, नाव मात्र कबुतरांचंच आहे.

म्हणून दोंरेमीचं मला विशेष वाटतं. एका शेतकऱ्याच्या मुलीचं बिरुद अख्ख्या गावाने आडनावासारखं लावलं.

---

शब्दवेडी

आडनावावरून एक शंका. तिचं स्वतःचं आडनाव आर्क, म्हणजे ती मूळची आर्क गावची का? इंग्रजीत 'ऑफ आर्क' म्हणतात म्हणून विचारते.

---

म्यूझकाठ

ती आर्कची नव्हती, दोंरेमीचीच. वडिलांचं घराणं कधीकाळी आर्क नावाच्या गावाहून आलं असेल असा तर्क आहे, कारण त्या भागात आर्क-आँ-बारवा नावाचं एक गाव आहे. पण तिच्या काळात हे नाव एकसारखं लिहिलंच जात नव्हतं. दार्क, तार्क, देई अशी रूपं कागदांत सापडतात. डिसेंबर १४२९ मध्ये राजाने कुटुंबाला सरदारकी दिली तेव्हा पुढे 'द्यू लीस' हे नवंच नाव पडलं, लिलीच्या फुलावरून.

तिला स्वतःला यातलं काहीच महत्त्वाचं वाटत नव्हतं. पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा म्हणाली, माझ्या गावी मला जानेत म्हणायचे, फ्रान्समध्ये आल्यावर जान म्हणू लागले. आडनावाचं म्हणाली, मला माहीत नाही. नंतर मार्चमध्ये, जबाब वाचून दाखवले तेव्हा, तिने भर घातली की वडील दार्क, आई रोमे, आणि आमच्याकडे मुली आईचं आडनाव लावतात. रोमे हे नाव रोमची यात्रा करून आलेल्यांना मिळायचं. म्हणजे गावच्या रिवाजाने ती जान रोमे. जगभर पोचलेलं नाव तिच्या गावात कुणी तिला मारलेल्या हाकेत नव्हतं.

---

जुनी बखर

'फ्रान्समध्ये आल्यावर' हे तिचे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. दोंरेमी तेव्हा अगदी सीमेवर होतं. म्यूझपलीकडे जर्मन साम्राज्याची हद्द, आजूबाजूला बारची डची, शांपान्य आणि लॉरेन. गावातल्या ओढ्याने वस्तीचे दोन भाग केले होते आणि दोन्ही एकाच धन्याच्या हाताखाली नव्हते. जान नेमकी शांपान्यची, बारची की लॉरेनची, यावर एकोणिसाव्या शतकात फ्रेंच इतिहासकारांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. माझ्या मते त्या वादात तिच्या लहानपणापेक्षा लिहिणाऱ्यांचा प्रांताभिमान जास्त होता.

सीमा गावाला कशी भोवते ते तिने खटल्यात सांगितलंय. नदीपलीकडचं माक्से गाव इंग्रजांना मिळालेल्या बर्गंडीच्या ड्यूकच्या बाजूचं, दोंरेमी राजाच्या बाजूचं. दोन्ही गावांची पोरं एकमेकांशी मारामाऱ्या करायची आणि दोंरेमीची पोरं रक्तबंबाळ होऊन परतताना तिने पाहिली होती. दोंरेमीत बर्गंडीच्या बाजूचा एकच माणूस तिला ठाऊक होता. त्याचं मुंडकं उडालं असतं तर बरं झालं असतं, देवाची मर्जी असती तर, असंही ती म्हणाली. एकोणीसेक वर्षांच्या मुलीचं हे बोलणं आहे, वर देवाची अट घातलेली. १४२८ मध्ये सैन्य येतंय म्हटल्यावर सगळं गाव गुरंढोरं घेऊन नफशातोला पळालं होतं. तिथे पंधराएक दिवस ती ला रूस नावाच्या बाईच्या खानावळीत राहिली.

---

मधुमालती

काका, गुरांवरून सांगते. गावकऱ्यांनी १४१९ मध्ये नदीतल्या बेटावरची जुनी गढी धन्याकडून भाड्याने घेतली होती, धाड पडली तर गुरं आत कोंडता यावीत म्हणून. त्या करारातल्या मुख्य भाडेकऱ्यांत तिच्या वडिलांचं नाव आहे. तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. तिला युद्ध आधी कळलं ते गोठ्याच्या अंगाने.

---

पाँडीवाला

मी पुद्दुचेरीला नोकरीला आहे. इथे द्यूमा रस्त्यावर नोत्र दाम देझ आंज चर्चसमोर बागेत जान दार्कचा संगमरवरी पुतळा आहे. महाराष्ट्रातून आलेले पर्यटक पाहुणे रोज त्यासमोर फोटो काढतात. पुतळा बघताना हे गाव कधी डोक्यात आलं नव्हतं. आता कुणाला घेऊन गेलो तर दोंरेमीचं नाव नक्की सांगेन.

म्यूझकाठताई, गावात आज तिचं घर बघायला मिळतं का? आणि जायचं कसं?

---

म्यूझकाठ

हो, घर आहे. एका बाजूला उतरतं छप्पर असलेलं, जाड भिंतींचं, चर्चला अगदी लागून. वोज जिल्ह्याने १८१८ मध्ये ते खासगी मालकाकडून विकत घेतलं. आत चार खोल्या, जवळजवळ रिकाम्या. सजावट केलेली नाही हे मला फार योग्य वाटतं. दारावरची कोरलेली कमान मात्र थांबून बघा. तीन ढाली, १४८१ हे साल आणि एक ओळ, जिचा अर्थ 'कष्ट चिरायू होवोत, राजा लुई चिरायू होवो'. म्हणजे तिच्यानंतर पन्नास वर्षांनी घरच्यांनीच घराचं रूप बदललं होतं, हेही मनाशी ठेवून बघावं. शेजारीच 'व्हिजाज द जान' नावाचं माहितीकेंद्र आहे. लहान मुलं बरोबर असतील तर आधी तिथे जा.

जवळचं रेल्वे स्टेशन नफशातो. तिथून पुढे स्वतःची गाडी असेल तर सोपं. नान्सीहून गाडीने तासाभराचा रस्ता आहे. वोकुलरलाही थांबा. तिथल्या किल्ल्याच्या कप्तानाने, रोबेर द बोद्रिकूरने, तिला आधी परत पाठवलं होतं आणि शेवटी फेब्रुवारी १४२९ मध्ये बरोबर माणसं देऊन राजाकडे रवाना केलं. ज्या दरवाजातून ती निघाली त्याला 'पोर्त द फ्रांस', फ्रान्सचा दरवाजा म्हणतात. वर काकांनी लिहिलेल्या 'फ्रान्समध्ये आल्यावर'चा अर्थ त्या नावापाशी नीट लागतो.

आणि गाडीतल्या नकाशात गावाचं नाव पूर्ण टाका. शेजारच्या म्यूझ जिल्ह्यात दोंरेमी-ला-कान आहे, ओत-मार्नमध्ये दोंरेमी-लांदेव्हील आहे, दोन्ही रेमीचीच. नुसतं दोंरेमी टाकलंत तर भलतीकडे जाल. ला प्युसेल जोडलंत तरच बरोबर गावात उतराल.